बिननावाचा सयपाक

सुगंधाबाईला एक खोड होती. समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं वाक्य ती पुरं करून टाकायची. कोणी "सुगंधाबाई, जरा ते..." एवढं म्हणालं की ती उठून सूप आणून द्यायची, आणि त्या माणसाला खरंच सूप हवं असायचं. शेजारणींना याचं मोठं नवल होतं. "तिले मनातलं आइकू येते बापा," असं त्या म्हणत. सुगंधाबाई या कौतुकाने आणखीच चिडायची. लोकांच्या मनातलं ऐकायची तिला काडीची हौस नव्हती. पण ज्या घरात तिला दिलं होतं, त्या घरात धड बोलायची सोयच नव्हती, आणि म्हणून ही विद्या तिला झक मारत शिकावी लागली होती.

घर सिंदेवाहीच्या अलीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीखाली. पुढे धानाची बांधी, मागे रान. सासऱ्याचं नाव लखाजी, नवऱ्याचं झिंगू, धाकट्या दिराचं पत्रू. ही नावं कोणत्या घटकेला ठेवली गेली कोण जाणे. सुनेने सासऱ्याचं, नवऱ्याचं आणि नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही रीत त्या मुलखात सगळ्याच घरांत होती. नावासारखा ऐकू येणारा शब्दही टाळायचा, हेही सगळीकडे होतं. पण दुसऱ्या घरांत त्याने कोणाचं अडत नव्हतं. शेजारच्या गुणवंतरावांच्या सुनांना 'गुण' हा शब्द वर्ज्य होता, आणि सासऱ्याकडे पाहता तो त्यांना कधी लागलाही नसता.

इथे मात्र पंचाईत होती. झाडीतल्या घरात रोज सांजेला शिजतं काय? लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तलावातले झिंगे. ते वाढायचं कशावर? पळसाच्या पत्रावळीवर. म्हणजे लखाजी, झिंगू आणि पत्रू या तिघांनी अख्खं जेवण पाटावर बसायच्या आधीच गिळून टाकलं होतं.

लग्न होऊन आली त्याच सांजेला सासूने, कलाबाईने, तिला चुलीपुढे बसवून हे सगळं समजावून सांगितलं. हे म्हणायचं नाही, ते म्हणायचं नाही. पत्रू धाकटा दीर, म्हणून पत्रावळ म्हटली तर चालेल, तेवढी सूट.

"मंग बाकीच्याले काय म्हनू?" सुगंधाने विचारलं. तेव्हा ती नुसती सुगंधा होती.

"ते तुयं तू पाय," कलाबाई म्हणाली.

पाहायला वेळ मिळण्याआधीच घोटाळा झाला. लग्नाची हळद अजून उतरली नव्हती. सुगंधा विहिरीवरून दोन घागरी घेऊन येते, तर चुलीजवळच्या टोपलीत मांजर तोंड घालून झिंगे खातंय. हात गुंतलेले. ती दारातूनच ओरडली, "आत्याबाई, धावा वो! मांजर घरच्याईले खाऊन राह्यली!"

कलाबाई काठी घेऊन धावली ती थेट ओसरीवर, जिथे झिंगू दुपारचा आडवा झाला होता. काठी त्याच्या नडगीवर बसली. झिंगू बोंबलत उठला, लखाजी गोठ्यातून धावत आला, आणि तेवढ्या वेळात मांजराने टोपली निवांत रिकामी केली. त्या सांजेला सगळ्यांना नुसतं वरण आणि भात मिळाला, आणि नव्या नवरीने डल्ला मारला असावा तसं सगळे तिच्याकडे बघत जेवले. सुगंधाला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो पुढे कधी पुरता उतरलाच नाही.

मग तिने आपले शब्द शोधले. झिंगे झाले 'मिशावाले'. लाखोळी झाली 'धानातली', कारण ती उभ्या धानातच फोकून पेरतात. नवरा मोहाची पिऊन आला, तर 'झिंगून आले' म्हणायचीही चोरी होती. ती म्हणायची, "डुलत आले." झिंगे विकणारी ढिवरीण, रुखमाबाई, दारावरून "झिंगे घ्या वो, झिंगे!" असं खड्या आवाजात ओरडत जायची तेव्हा सुगंधाबाईला तिचा हेवा वाटायचा. किती मोकळा गळा! रुखमाबाईलाही हे घर ठाऊक होतं. दारात आली की ती मुद्दाम टोपली खाली ठेवून विचारायची, "काय देऊ?"

"ते दे ना."

"ते म्हंजे?"

"मिशावाले वो! रोज काऊन छळतं मले?"

रुखमाबाई हसून हसून बेजार व्हायची आणि एक मूठ जास्त टाकायची. त्या मुठीसाठी सुगंधाबाई ते हसणं सोसायची.

सुगंधाबाईची मुलगी अन्नपूर्णा मोठी झाली तेव्हा काही वर्षं बरी गेली. लेकीच्या तोंडाला कुलूप नव्हतं, ती खुशाल सगळं बोलायची. पण लेक किती दिवस पुरणार? ती सासरी गेली, आणि कलाबाई आणि सुगंधाबाई पुन्हा चुलीपुढे खाणाखुणा करत बसल्या. कलाबाईला झिंगे म्हणता यायचं, ते तिच्या पोरांपैकी एकाचं नाव. लाखोळी मात्र दोघींपैकी कोणालाच नाही.

मग पत्रूचं लग्न झालं आणि चिमूरकडची कमळा घरात आली. तिची तर बिचारीची तिन्ही नावं बंद. पत्रू नवरा, झिंगू भासरा, लखाजी सासरा. एक साधं वाक्य पुरं करायला त्या तिघींना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागे. कमळा म्हणायची, "बाई, ते..." सुगंधाबाई म्हणायची, "पत्रावळी?" कमळा मान हलवायची, "हो, पानं मांडू का?" आणि कलाबाई आतून विचारायची, "झिंगे उतरवले का वो?" वर्षभरात कलाबाई वारली, आणि जाताना घरातला तो एक शब्दही घेऊन गेली.

हे कमी होतं म्हणून की काय, लखाजीला विनोदाची आवड होती. त्याच्याजवळ एकच विनोद होता आणि तो रोज सांजेला पाटावर बसल्यावर करायचा.

"काय केलं आज?" तो ओसरीवरून विचारायचा. वास अख्ख्या आळीला आलेला असायचा, पण विचारायचा.

"मिशावाले," सुगंधाबाई आतून सांगायची.

"अरे बापा! कोन पाहुना आला मिशावाला?" असं म्हणून लखाजी खो खो हसायचा. पत्रूही हसायचा, कारण बाप हसला की तो हसे. झिंगू हसायचा नाही. तो जेवताना काहीच करत नसे, जेवण्याखेरीज. भात हवा असला तर पत्रावळीच्या कडेवर बोट टकटक करायचा. एकदा टकटक म्हणजे भात, दोनदा म्हणजे वरण. ज्याला सगळं बोलायची मुभा, तो तोंड उघडत नाही, आणि जिला हजार गोष्टी बोलायच्या आहेत तिला साध्या भाजीचं नाव घेता येत नाही, या विचाराने सुगंधाबाईची तळपायाची आग मस्तकात जायची. ती वरण असं ओतायची की ते भाताच्या पलीकडे ओघळावं. झिंगू ते बोटाने निपटून घ्यायचा. त्याला राग कळतच नसे.

पुरुषांचं झालं की पत्रावळी गोठ्याशी पडायच्या आणि बाया चुलीपाशी बसायच्या. धूर कोंडलेला, चिमणीचं तेल संपत आलेलं. गंजाच्या बुडाला लागलेला भात खरवडून एका चेपलेल्या जर्मनच्या थाळीत घ्यायचा आणि दोघींनी तिच्यातच खायचं. झिंग्यांच्या गंजात तोवर नुसता रस्सा राहिलेला असे. "मिशा उरल्या, घे," असं म्हणून सुगंधाबाई तो कमळाकडे सरकवायची.

चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. लखाजी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आता कचेरीत भी आपली बोली चालनार." सुगंधाबाई आत कांडलेले तांदूळ पाखडत पुटपुटली, "कचेरीत चालो बापा. घरात कवा चालते ते पाहू."

कमळाला दिवस गेले होते. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात एकदा राहिलं होतं आणि तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. आता चौथा लागला होता, पण पोरीच्या पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. चुलीजवळ थाळी पुढे घेतली की तिचा चेहरा पांढरा पडायचा, दोन घास कसेबसे जायचे आणि ती परसात धावायची. गालाची हाडं वर आली होती. गोंडांच्या टोलीतली बुधरी, त्या पंचक्रोशीची सुईण, येऊन तिला पाहून गेली. जाताना तिने सुगंधाबाईला अंगणात गाठलं.

"अन्न टिकलं नाई तं पोर भी टिकनार नाई," बुधरी म्हणाली. "मागच्या खेपेले झालं तसंच होईन."

"मी काय करू वो? देतो ते ओकून टाकते."

"तू देतं ते ओकते. तिले काय पायजे ते इचारलं का?"

सुगंधाबाईला हे लागलं. विचारायचं काय त्यात? मनातलं ऐकू येणारी बाई ती! पण कमळाच्या बाबतीत तिला काही ऐकू आलं नव्हतं, हे खरं होतं. कमळा तिला जाऊ कमी आणि लेक जास्त होती. हिचं पुन्हा तसंच झालं तर, या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने लगेच जाऊन विचारलं.

कमळा भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला. "कायी नाई बाई. हसाल तुमी."

"हसाले येळ हाय का मले? बोल."

"पान..." कमळा म्हणाली, आणि अडली.

"समजलं!" असं म्हणून सुगंधाबाई निघालीसुद्धा.

डोहाळे कशाचेही लागतात. कोणाला मातीचे लागतात, हिला विड्याच्या पानाचे लागले. तिने पत्रूला सिंदेवाहीच्या बाजारात पिटाळलं. पत्रू ओल्या फडक्यात पानं बांधून घेऊन आला, कात, चुना, सुपारी सगळं. सुगंधाबाईने स्वतः विडा लावून दिला. कमळाने तो मोठ्या माणसाचा मान म्हणून चावला, आणि परसात धावली. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "बाई, तसलं पान नाई..."

"हात तिच्या! पाल्याची भाजी!" सुगंधाबाईने कपाळावर हात मारला. हिवाळ्याचे दिवस, पाल्याला काय तोटा? तिने हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणला, लसूण घालून परतला. ओकली. मग धानातलीचा पाला. तोही गेला. मग चवळीचा. सतत पाला पाहून लखाजी ओसरीवरून म्हणाला, "आमाले बकऱ्या समजले का वो?" आणि आपल्या नव्या विनोदावर खूश झाला. तो खूश झालेला पाहून सुगंधाबाईला पळी फेकून मारावीशी वाटली.

"बाई, मी सांगतो, तुमी आइकता का..." कमळा म्हणाली. "पाना..."

"पानगे!" सुगंधाबाई ओरडली. "मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

पानगे म्हणजे सगळा दिवस मोडायचा. गहू त्या घरात सणालाच निघायचा. तिने तो दळला, कणीक घट्ट मळली, पळसाच्या पानांत थापली आणि गोवऱ्यांच्या आरात भाजली. पाठ मोडून आली, डोळे धुराने चुरचुरले. पानगे असे खमंग झाले की झिंगूने पत्रावळीवर तीनदा टकटक केली, आणि तीनदा टकटकीचा अर्थ कोणाला माहीत नव्हता, कारण तशी वेळ आधी कधी आली नव्हती. बाप्यांनी पानगे संपवले. कमळाने आपल्यासाठी लपवून ठेवलेला एक चुलीपाशी बसून तोडला, अर्धा खाल्ला, आणि पळाली.

सुगंधाबाई परसाच्या दारात उभी राहून तिचं ओकणं ऐकत होती. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. पोर परत आली, दाराची चौकट धरून उभी राहिली, तेव्हा सुगंधाबाईचा बांध फुटला.

"काय पायजे तुले? आं? विडा दिला, पाला दिला, पानगे दिले! मी काय मनातलं आइकाले देव हाय? सरळ नाव घे ना त्याचं!"

कमळा रडायला लागली. "कसं घेऊ बाई? यायच्या नावानं सुरू होते ते!"

यांच्या. म्हणजे पत्रूच्या. सुगंधाबाई जागच्या जागी थांबली.

"पत्रावळ?"

कमळाने मान हलवली.

"पत्रावळ खाशीन?" सुगंधाबाईला काही उमजेना.

"खात नाई वो बाई. पानावर जेवाचं हाय." कमळा हुंदके देत बोलू लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुगंधाबाईने कोणाला मधे तोडलं नाही. "आमच्या घरी आमी तिघी बहिनीच. मा लवकर गेली. बा आमाले संगं घेऊन जेवे, ओसरीवर, पानं मांडून. स्वतः वाढे. हिरव्या पानावर गरम भात पडला का वास ये. मले त्याचाच वास येऊन राह्यला, दिवसभर. चुलीपाशी बसलो का धूर आन खरवड, ते पोटात जातच नाई. मी खाईन बाई. खरंच खाईन. पन सांगू कोनाले? तुमीच कवा पानावर नाई जेवल्या."

सुगंधाबाईला आधी रागच आला. एवढ्यासाठी? एवढ्याशा गोष्टीसाठी मी गहू दळला? पण कमळा पत्रावळीला पान म्हणते हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? रोज सांजेला ती "पानं मांडू का?" म्हणून विचारायची. पण ती पानं बाप्यांची. त्यातलं एक हिला हवं असेल, ही गोष्ट सुगंधाबाईच्या डोक्याच्या आसपासही फिरकली नव्हती. तिला विडा सुचला, पाला सुचला, पानगे सुचले. हे सुचलं नाही. रोज दुपारी काड्या टोचून पत्रावळी लावणारी तीच. दुसऱ्यांच्या लग्नातली पंगत सोडली तर आपण कधी पत्रावळीवर जेवलो, हे तिला आठवेना. या घरात तरी कधीच नाही. तिला स्वतःची लाज वाटली, कमळाची कीव आली, आणि मग पुन्हा राग आला. पण हा राग कमळावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने पळसाची ताजी पानं तोडून आणली आणि एक मोठी पत्रावळ लावली. रुखमाबाई ढिवरीण आली तेव्हा तिने 'मिशावाले' चांगले पसाभर घेतले, वांगं घालून शिजवले. वरण केलं, नव्या धानाचा भात केला. दिवस मावळतीला टेकला होता, ओसरीवर अजून ऊन होतं. लखाजी खांबाला टेकून बसला होता. पत्रू पाय धूत होता. झिंगू मागे गोठ्यात बैल बांधत होता.

सुगंधाबाईने ओसरीच्या मधोमध पाट मांडला. समोर एकच पत्रावळ. मग आत गेली, आणि कमळाला हाताला धरून बाहेर आणून त्या पाटावर बसवलं. कमळाने पदर नाकापर्यंत ओढला.

"हे काय?" लखाजी म्हणाला.

"जेवन," सुगंधाबाई म्हणाली.

"बाप्ये बसाचे हाय अजून."

"हो, मामाजी. बसतीन ना मागून."

लखाजीने पत्रूकडे पाहिलं. पत्रू एक पाय ओला, एक पाय कोरडा, तसाच उभा होता. त्याची नजर बायकोच्या मनगटाकडे गेली. बांगडी कोपरापर्यंत सरकली होती. त्याने नजर खाली घातली आणि कोरडा पाय धुवायला घेतला.

सुगंधाबाई भाताचा गंज घेऊन आली. पंगतीत वाढणारा जसा नाव घेत येतो, तशी ती म्हणाली, "भात घे वो कमळा, भात!" भात पडला, वाफ निघाली, हिरव्या पानाचा वास ओसरीभर झाला. मग ती वरण घेऊन आली. पळी वर उचलली आणि तिचं तोंड सवयीने 'धा' म्हणायला वळलं. सासरा समोर बसला होता. पंगतीत काय कोणी 'धानातली घ्या' म्हणत असतं? एवढी पत्रावळ मांडली, एवढं माणूस बसवलं, आणि त्याच्या पानात बिननावाचं वाढायचं? तिचा संताप अगदी गळ्याशी आला.

"लाखोळीचं वरण घे, कमळा! लाखोळीचं!"

लखाजीने डोळे मोठे केले. त्याचा हात उगीचच मिशीकडे गेला. आपल्या घरात, सुनेच्या तोंडून, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. आभाळ कोसळायला हवं होतं. पण समोर भातावर वरण पडलं होतं, एवढंच झालं होतं.

सुगंधाबाई आत गेली, झिंग्यांचा गंज घेऊन आली, आणि आता तिला थांबवणं देवाच्याही हातात नव्हतं. तिने रुखमाबाई ढिवरणीसारखा खडा आवाज लावला. "झिंगे घे वो, झिंगे!"

"ओ!" गोठ्यातून आवाज आला.

"आलो, आलो," म्हणत झिंगू हात झटकत पुढे आला. लग्नात उखाण्यात घेतलेलं सोडलं तर बायकोच्या तोंडून आपलं नाव त्याने ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेही असं, साऱ्या आळीला जाईल एवढ्या मोठ्याने. तो बावरला होता. "काऊन बलावलं?"

"तुमाले नाई बलावलं," सुगंधाबाई म्हणाली. "भाजीले म्हनलं."

झिंगूने गंजाकडे पाहिलं, पाटावरच्या भावजयीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. बाप आढ्याकडे बघत होता.

"आन आलेच तं गडूभर पानी ठेवा तिच्या पानापाशी," ती पुढे म्हणाली.

झिंगू तसाच उभा राहिला. सुगंधाबाईला वाटलं, आता हा बोलणार, आजच तोंड उघडणार. पण तो वळला, घडवंचीवरून गडू भरून आणला आणि वाकून कमळाच्या पत्रावळीपाशी ठेवला. ठेवताना जरा पाणी सांडलं. मग जायचं की थांबायचं ते न कळून तो तिथेच बाजूला उभा राहिला.

कमळा जेवत होती. पदराआडून तिचा हात भातावरून तोंडाकडे जात होता, आधी भीत भीत, मग भराभर. सुगंधाबाई तिच्या गळ्याकडे बघत होती, घास उतरतो का, वर येतो का. घास उतरत होते. सारं ओसरीवरचं माणूस एका पोरीचं जेवण बघत होतं आणि कोणालाही हसू येत नव्हतं. पत्रावळीच्या मधली पानं दिसू लागली तेव्हा कमळाचा हात थांबला.

"बाई, अजून..." ती म्हणाली.

सुगंधाबाईच्या जिभेवर शब्द आला होता. तिने तो तसाच धरून ठेवला. गंज कडेवर घेऊन ती वाट बघत उभी राहिली. "काय वाढू?"

कमळाने समोर गडूपाशी उभ्या असलेल्या भासऱ्याच्या पायांकडे पाहिलं. मग पत्रावळीकडे.

"झिंगे," ती म्हणाली.

या खेपेला झिंगूने ओ दिली नाही.